देव्हाऱ्यामागची भिंत

ताराला ते घर पहिल्याच नजरेत आवडलं होतं. जालन्यात बावीस वर्षं भाड्यानं काढल्यावर स्वतःचं अंगण, मागं शेवगा. परवा गुढीपाडव्याला इसार द्यायचा होता. त्याआधी एखाद्या त्रयस्थ जाणकारानं घर तपासावं, एवढंच तिचं म्हणणं.

नवरा जगन्नाथ ऐकेना. विकणारे काकासाहेब त्याच्याच गावचे, वाटूरचे. गाववाल्याच्या घरात इंजिनिअर घालायचा म्हणजे त्याला चोर ठरवल्यासारखंच. शिवाय काकासाहेबांनी आपल्या इंजिनिअरकडून घर तपासून घेतलंच होतं की.

"सोयरीक जुळवताना पोरगी कशी हाय, हे तिच्याच मामाला विचारता का?" तारा म्हणाली.

जगन्नाथ हसला आणि तिथंच हरला.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आला. ना विकणाऱ्याचा, ना दलालाचा. तारानं स्वतः फी देऊन बोलावलेला इंजिनिअर. त्यानं गच्ची पाहिली, नळ सोडले, टरबूज पारखावं तशा भिंती वाजवल्या. सगळं ठीक. राहिली देव्हाऱ्यामागची भिंत. तिथं तो थबकला. लोकांचे देव हलवा, असं कोण म्हणणार? आधीचा इंजिनिअरही इथूनच हात जोडून परतला होता.

देव्हारा दक्षिणेच्या भिंतीला कसा, हे ताराला खटकलं. तिनं काकासाहेबांच्या बायकोला, तुळजाबाईंना हळूच विचारलं, देव इथं कधीपासून?

तुळजाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि त्यांनाच हसू फुटलं. "दिवाळीपासून. तडा झाकायला ह्यांनी माझे देव कामाला लावले, वैनी."

काकासाहेब खाली बघू लागले. तुळजाबाईंनी देव ताम्हनात घेतले आणि देव्हारा बाजूला सरकवला. मागं बोट जाईल एवढा तिरपा तडा.

मच्छिंद्र बाहेर जाऊन आला. न्हाणीचा पाइप फुटून पाणी कोपऱ्याखाली मुरत होतं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की बसते. भिंत तिच्यासोबत हलते. पाइप बदला, कोपऱ्याचा पाया भक्कम करा, तो म्हणाला. मग त्यानं तड्यावर काचेची पट्टी चिकटवली.

"पावसाळाभर ही फुटली नाही, तर घर बिनधास्त घ्या."

दुरुस्ती काकासाहेबांची आणि इसार दसऱ्याला, असं कागदावर ठरलं. ताराला घर लांबल्याचं वाईट वाटलं, पण रात्री झोप छान लागणार होती.

निघताना काकासाहेबांनी मच्छिंद्रला फाटकाशी गाठलं. "आम्ही संभाजीनगरात फ्लॅट घेऊ राह्यलो. बिल्डर माझ्या सोयऱ्यातलाच हाय." ते जरा घुटमळले. "मंग, भिंती वाजवायला कधी येता?"