बोकाल मॅडमची वीस मिनिटे

मित्रांनो, लोकशाहीचा श्वास काळावर चालतो, आणि आमच्या प्रांताच्या सभागृहात तो काळ नऊ वर्षे माझ्या हाती होता. माझ्या हाती म्हणजे पत्र्याच्या दोन काट्यांच्या हाती. आणि ते काटे वीस मिनिटे पुढे होते.

मी एक जुने, भिंतीवरचे, सेलवर चालणारे घड्याळ आहे. माझा जन्म फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्यात यंत्र बसवले, काच पुसली आणि मला पेटीत घातले. पुढे गावच्या जत्रेतल्या सोडतीत मी तिसरे बक्षीस म्हणून गेलो. पहिले बक्षीस डुक्कर होते, दुसरे तांदळाचे पोते. तिसरे बक्षीस लागले ते लिओनिला काबुसास नावाच्या शाळामास्तरणीला. तिला डुकराची आशा होती, हे तिने माझ्यापासून कधी लपवले नाही.

तिने मला चौथीच्या वर्गात टांगले. ती माझी सचोटीची वर्षे. रोज सकाळी ती रेडिओवरच्या वेळेशी मला ताडून पाही. समोरच्या बांतिगन बेटावरची मुले होडीने शाळेत येत आणि परतीची होडी साडेचारला सुटे. म्हणून दुपारभर सगळ्यांत जास्त डोळे माझ्यावर त्यांचेच. त्यांतली बेर्तिंग नावाची एक मुलगी तर गणित सोडून मलाच पाहत बसे. मॅडम म्हणत, "बेर्तिंग, उत्तर घड्याळात नाही, वहीत आहे." एवढे लक्ष देऊन माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिले नाही.

बेर्तिंग मोठी झाली, बेटावरच तिचे लग्न झाले. पहिल्या बाळंतपणात ती किनाऱ्यावर होडीची वाट पाहत राहिली. समुद्र खवळलेला, प्रवासी होडी आलीच नाही. मॅडम तिच्या मातीला जाऊन आल्या आणि त्याच वर्षी प्रांताच्या सभागृहासाठी उभ्या राहिल्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. बांतिगनच्या किनाऱ्यावर अडलेल्या बायकांसाठी एक इंजिनाची बोट कायम उभी असावी.

त्यांच्याकडे ना बॅनर होते, ना गाणारी मंडळी. विरोधकाने प्रचाराला मनिलाहून नाचणाऱ्या मुली आणल्या. मॅडम घरोघर पायी गेल्या. पण निम्मे मतदार त्यांचेच विद्यार्थी. मॅडम दारात दिसल्या की चाळिशीचे बाप्ये हातातले पत्ते लपवून उभे राहत. त्या निवडून आल्या. सभागृहाच्या सभासदाला आमच्याकडे बोकाल म्हणतात. बोकाल मॅडम पहिल्या दिवशी सभागृहात गेल्या तेव्हा भिंतीवर एकही चालू घड्याळ नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिशवीतून नेले.

इथून माझे अधःपतन सुरू होते.

सभागृहाचे अकरा सभासद. कामाला सहा तरी लागत. बैठक दोनची असली की अडीचला दोघे येत, तीनला चौथा येई आणि तोवर पहिला घरी गेलेला असे. मॅडमनी महिनाभर पाहिले. मग खुर्चीवर चढून त्यांनी मला दहा मिनिटे पुढे केले. शिपाई नोंग तेरोय खाली खुर्ची धरून उभा होता. त्याला त्या म्हणाल्या की वर्गात हा उपाय चालत असे. तो वर्गात कधीच केला नव्हता. त्या खोटे बोलल्या आणि मी खोटे दाखवू लागलो. दोघांची सुरुवात एकाच दिवशी झाली.

दोन महिने सगळे वेळेवर आले. कोणी तरी तर माझी स्तुतीही केली, की या घड्याळाने सभागृहाला शिस्त लावली. मी फुगलो. तिसऱ्या महिन्यात गुपित फुटले आणि सगळे मनातल्या मनात दहा वजा करू लागले. मॅडमनी मला वीस मिनिटे पुढे नेले. मंडळींनी वीस वजा करायला सुरुवात केली. त्यापुढे त्यांनी नाद सोडला. नऊ वर्षे मी वीस मिनिटे पुढे चाललो, सगळ्या प्रांताला ते ठाऊक होते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी खोटे बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

त्या नऊ वर्षांत मॅडम दोनशे पोरांच्या धर्ममाता झाल्या. लोक त्यांच्याकडे शवपेटीपासून बास्केटबॉलच्या बनियनपर्यंत सगळे मागत. त्यांनी डुकरांच्या मोकाट फिरण्यावर ठराव केला, शाळेच्या पाण्यावर केला. बोटीचा ठराव मात्र दर वेळी कुठे तरी अडे. एकदा समितीत हरवला, एकदा वादळात कागद भिजले, एकदा बोटीला कुणाचे नाव द्यायचे यावर चार महिने गेले. तिसऱ्या कारकिर्दीनंतर लगेच पुन्हा उभे राहता येत नाही. शेवटच्या कारकिर्दीच्या शेवटच्या बैठकीत ठराव शेवटच्या मतदानाला आला. त्या दिवशी झाला नाही, तर तो सभागृहाबरोबरच संपणार होता.

नेमके त्या सकाळी नोंग तेरोयने माझा सेल बदलला. मॅडमचा शेवटचा दिवस, निरोपाला काय द्यावे, असे त्याच्या मनात असावे. त्याने कानाला रेडिओ लावला आणि मला बरोबर लावले. सेकंदाला सेकंद. माझ्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांनी मी खरे बोलत होतो, आणि मला फार बरे वाटले. ते बरे वाटणे आज मला सगळ्यांत जास्त खुपते.

दुपारी मॅडमच्या मानासाठी समोरच्या खानावळीत अख्खे डुक्कर भाजले होते. खानावळीची खिडकी आणि सभागृहाची खिडकी समोरासमोर, मधे जेमतेम गाडी जाईल एवढी गल्ली. मॅडम दोन घास खाऊन दोनला दहा कमी असताना जागेवर येऊन बसल्या. आणखी दोघे आले. एकाला डॉक्टरने डुक्कर बंद केलेले, दुसऱ्याला त्याच्या पंथाने. एरवी अध्यक्ष असणारे उपराज्यपाल आजारी, म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीत बोकाल इन्ताल. बांतिगनला जाणाऱ्या प्रवासी होड्या त्यांच्या मेव्हण्याच्या. त्यांच्या मनगटावर सिंगापूरचे घड्याळ होते.

चौघे झाले. दोघे कमी होते. सात जण समोर डुकराभोवती होते.

दोन वाजले तसा मॅडमनी नोंग तेरोयला पिटाळले. तो खानावळीच्या दारात उभा राहिला तेव्हा बोकाल तिबुर्सियो कुरकुरीत कातडी वाटत होते. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवले.

"नोंग, नऊ वर्षं झाली, अजून हिशोब कळला नाही होय? तिथे दोन म्हणजे इथे एक चाळीस."

"नाही बोकाल, मी सकाळीच बरोबर लावलंय."

"बरोबर? मॅडमचं घड्याळ?" सातही जण हसले. "बस, तूपण खा. गार झालं की चामडं होतं ह्याचं."

तेव्हा आमच्या प्रांतात खिशातले फोन आले नव्हते. मनगटावर घड्याळे होती, पण हात तेलकट आणि समोर भिंतीवर एवढा मोठा मी असताना मनगट कोण वळवून पाहतो? नोंग तेरोय परत आला. त्याने मॅडमच्या कानाशी वाकून सगळे सांगितले. मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिले, मग त्या उठून खिडकीशी गेल्या.

"लेकरांनो, खरंच दोन वाजून गेलेत. या."

लेकरे पन्नाशीची होती. हाडे हलवून त्यांनी मॅडमना हात केला. "आलोच, मॅडम. पाच मिनिटं."

मी खरा होतो. मित्रांनो, मी ओरडून सांगितले असते, पण घड्याळाला फक्त दाखवता येते.

नियमाप्रमाणे पंधरा मिनिटे थांबायचे असते. बोकाल इन्ताल पंधरा मिनिटे थांबले, एक सेकंदही कमी नाही. मग त्यांनी हातोडा आपटला, संख्या पुरी नाही म्हणून सभागृहाची शेवटची बैठक बरखास्त केली आणि मॅडमशी आदराने हात मिळवून गेले. त्यांनी नियमाबाहेर बोटभरही काही केले नाही, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. दोष द्यायला मग मी उरतो.

दोन बावीसला सातही जण तोंड पुसत आत आले. काय झाले ते कळल्यावर कुणी बसेना. त्या दिवशी सभागृहात जितके एकमत होते तितके मी कधी पाहिले नव्हते. तिबुर्सियोंनी रडवेल्या आवाजात विचारले, "घड्याळ कुणी बदललं?"

नोंग तेरोयने हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "मी. शेवटच्या दिवशी खरं असावं म्हटलं."

नंतर, सगळे गेल्यावर, तो त्यांच्यापुढे उभा राहिला. मॅडम त्याला म्हणाल्या, "तू बरोबर लावलंस, नोंग. नऊ वर्षं चुकीचं मी लावलं होतं. आता काढ ते खाली."

तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर आहे. त्या पावसाळ्यात बांतिगनहून दोन बायकांना मासळीच्या होडीतून आणावे लागले. एक वेळेवर पोहोचली. ही बातमी कुणी तरी स्वयंपाकघरातच सांगितली. मॅडम तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी वर पाहिले नाही. बघितले असते तर बरे झाले असते. मी तेव्हा अगदी बरोबर चाललो होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. घड्याळाची काळजी घ्या, सेल वेळेवर बदला, काच कोरड्या फडक्याने पुसा. त्याला खोटे शिकवू नका. आणि शिकवलेच असेल, तर त्याला खरे करण्याआधी चार लोकांना हाताला धरून सांगा. सवय झालेल्या माणसांना खरे एकदम दाखवले, तर ते त्यातूनही वीस वजा करतात.

पुढच्या वर्षी नव्या सभागृहात बोकाल तिबुर्सियोंनी मॅडमचाच मसुदा मांडला. स्वल्पविरामही बदलला नाही. तो एकमताने मंजूर झाला. ते स्वतः घरी सांगायला आले, स्वयंपाकघरात बसून रडले, मॅडमनी त्यांना कॉफी दिली.

त्याला आता सहा वर्षे झाली. बोट अजून आलेली नाही.