मालनकाकूंच्या मसाल्याचं माप

लालबागच्या चाळीत मालनकाकूंच्या मालवणी मसाल्याला तोड नव्हती. दर उन्हाळ्यात तीसेक घरं त्यांच्याकडे डबे पाठवायची. माप सासूने मरताना कानात सांगितलेलं. ते फुटू नये म्हणून काकू मिरच्या एका दुकानातून घेत, धणे दुसऱ्यातून, दगडफूल तिसऱ्यातून. अख्खी यादी एकाही दुकानदाराला ठाऊक नव्हती.

यंदा मात्र विसरायला होऊ लागलं. मुलाने, विनीतने मोबाइलमध्ये यादीचं अ‍ॅप घालून दिलं. "तू नुसती बोल आई, ते लिहून घेतं."

काकूंनी दार लावलं. शेजारच्या सलोनीला "जरा आडवी पडतंय गो" म्हणून वाटेला लावलं. भीती माणसांची, मोबाइल काय, घरातलाच! अ‍ॅपने विचारलं, ओळखीच्यांचे नंबर बघू? काकूंनी 'हो' दाबलं. त्यांना यादी दाखवू? पुन्हा 'हो'. इतक्या अदबीने विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मग मोबाइल तोंडाशी धरून, कुजबुजत, बेडगी मिरचीपासून जायपत्रीपर्यंत सगळं वजनासकट सांगून टाकलं.

सकाळी मिरचीवाला लवू हसत म्हणाला, "काकू, सगळं बांधून ठेवलंय. दगडफूलपण मागवलं."

"तुका कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की! काल दुपारी. अख्ख्या चाळीला आलंय."

काकू तशाच माघारी आल्या. सातवीतल्या नातीने, अक्षदाने मोबाइल हातात घेतला.

"आजी, 'हो' म्हणायच्या आधी वाचायचं. यादी लिहायला त्याला लोकांचे नंबर कशाला हवेत?" बोलता बोलता तिने एकेक परवानगी काढून टाकली.

"आणि गेलेलं माप?"

"ते नाही येत परत."

पुढचे आठ दिवस गच्चीवर घराघरांच्या मिरच्या वाळत होत्या. काकूंकडे एकही डबा आला नाही. जेवणही त्यांना गोड लागेना.

नवव्या दिवशी सलोनी दारात उभी. "काकू, माप तेच, पण आमचा मसाला कडू झाला हो. सगळ्यांचाच झालाय. धणे भाजायचे किती?"

किती ते काकूंना तरी शब्दांत कुठे माहीत होतं? वास सांगे, हात थांबे. पण ओठांवर आलेलं 'म्हायत नाय' त्यांनी गिळलं. सलोनीच्या मुठीत मोबाइल होता.

"तो आधी बाहेर ठेव."

सलोनी धावत घरी ठेवून आली. "हं, आता सांगा."

"डबा घेऊन ये," काकू म्हणाल्या, "भाजून मीच देतंय."