घासलेला दगड

"मावशी, हा दगड कुणी घासला?" डॉक्टरीणबाईंनी टाकीवर वाकून विचारलं.

"मीच. दुसरं कोण घासणार? काय काय चिकटलं होतं त्याला. आता बघा, कसा लख्ख झालाय."

सागरी जीवांच्या त्या प्रयोगशाळेत मावशी सव्वीस वर्षं टाक्या धूत होत्या. त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. डॉक्टरीणबाई मात्र मटकन खुर्चीत बसल्या.

"घाण नव्हती ती, जिवंत स्पंज होता. ही गोगलगाय तेवढंच खाते."

टाकीत बोटाएवढी समुद्री गोगलगाय होती. पाठीवर शंख नाही, निळ्या अंगावर पिवळ्या रेघा आणि शेपटीकडे फुलासारखे कल्ले. मावशींनी तिचं नाव 'नटवी' ठेवलं होतं. एवढं नटून समुद्रात हिंडते आणि मासे हिला गिळत कसे नाहीत, याचं त्यांना नवल वाटे. स्पंजातलं विष ती अंगात साठवते आणि रंगानेच बजावते, वाटेला जाऊ नका, हे बाईंनीच त्यांना सांगितलं होतं.

"मग दुसरं काहीतरी घाला की खायला."

"उपाशी मरेल, पण दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मावशी ओहोटीला खडकांत जाऊ लागल्या. गुडघाभर पाण्यात दगड उलटायचे, खाली बघायचं, पुन्हा होते तसे ठेवायचे. गुडघे बोंब मारत होते. चौथ्या दिवशी तसाच स्पंज मिळाला. हवा लागली की तो मरतो, म्हणून पाण्यातच सोडवून बादलीत आणला. नटवीने शिंगांनी चाचपला आणि पाठ फिरवली. रंग तोच होता, जात वेगळी होती.

अकराव्या दिवशी ती तळाशी पडलेली सापडली. मावशींना फार वाईट वाटलं. बाईंनी टाकीचं कार्ड काढून मृत्यूचं कारण लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"वय झालं होतं. तशाही वर्षभरच जगतात या."

"तिचं कुठलं वय? दगड घासला, असं लिहा. कुणी घासला तेही लिहा."

"दोन महिन्यांत निवृत्त होताय. कशाला उगीच?"

"माझ्यानंतर टाकी धुणारीला कळायला नको?"

बाईंनी खोडून नवीन ओळ लिहिली. मावशींनी चष्मा लावून ती वाचली.

"'मावशी' काय लिहिता? पुरं नाव लिहा."

बाईंचं पेन थांबलं. नऊ वर्षं दोघी एकत्र काम करत होत्या, पण मावशींचं पुरं नाव त्यांना माहीत नव्हतं.