मनुबाईचा तुकडा

पाळकसाहेब त्या रविवारी चर्चमध्ये फार छान बोलले. माणूस म्हणजे कळपातलं मेंढरू नव्हे आणि माळावरचं एकटं झाडही नव्हे. देव प्रत्येकाला नावानं ओळखतो, आणि एकमेकांना ओळखण्यातच आपण माणूस होतो, असं म्हणाले. आमच्या आष्ट्याकडच्या छोट्या मंडळीनं माना डोलावल्या. डोलवायला काय जातंय!

तिसऱ्या बाकावर मनुबाई बसली होती. दुसऱ्या दिवशी मिरजेला तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला प्रभुभोजनातला, येशूच्या आठवणीत सगळ्या मंडळीनं मिळून खायचा पावाचा तुकडा हवा होता, एवढंच. पण मंडळीच्या पंचांनी तिला त्याची बंदी घातली होती. ती तापानं फणफणली असताना शेजारच्या संयोगितानं तिची सेवा केली, आणि जत्रेच्या नैवेद्याची पुरणपोळी आपल्या हातानं भरवली. मूर्तीपुढचं खाल्लं, हा गुन्हा!

सकाळी चर्चच्या दारातच तिनं मोठे पंच लालासाहेब यांना गाठलं होतं.

"आवं, उद्या माझी छाती उघडणार हायत. आजच्या दिवस द्या की."

"तुमाला दिलं तर समद्यांस्नी द्यावं लागंल. मंडळीचं ठरलंय."

तिला न्यायला शिरवळहून गाडी घेऊन आलेला मुलगा सूरज मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, कशाला हात पसरतीस? ज्याचा देव ज्याच्यापाशी. घरी जाऊन पाव खा."

"एकटीनंच खायचा असता तर हितं आले असते का रं?"

प्रवचन संपलं आणि पावाचं ताट फिरू लागलं. लालासाहेबांनी ते मनुबाईला टाळून पलीकडच्या म्हाताऱ्या हरणाबाईपुढं धरलं. म्हातारीनं आपला तुकडा मोडला आणि अर्धा मनुबाईच्या हातावर ठेवला.

"घे गं मने."

मनुबाईनं मूठ मिटली आणि ती रडायलाच लागली.

लालासाहेब मागं वळले. "उघडा."

तिनं उघडली नाही. पाळकसाहेब पुस्तकात बोट घालून थांबले. सूरज पुटपुटला, "आई, तमाशा नको. देऊन टाक."

लालासाहेबांनी तिचं एकेक बोट सोडवलं. तुकडा काढून घेतला. घामेजल्या तळहाताला थोडे कण चिकटले होते. मनुबाई ते तोंडाशी नेणार, तेवढ्यात त्या भल्या माणसानं तिचं मनगट धरलं, खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला आणि तिचा हात स्वच्छ पुसला. असा संताप आला मला!

मग पाळकसाहेबांनी ऑपरेशनसाठी प्रार्थना केली, आमची बहीण मनुबाई असं नाव घेऊन. मंडळी एका सुरात आमेन म्हणाली. मनुबाई पुसलेला हात पदराखाली घेऊन बसून राहिली.