खरखरणाऱ्या हेडफोनचा सूड

मी एक जुना हेडफोन आहे. हसू नका, मित्रांनो. डाव्या कानाची गादी सोललेली, वायरला चिकटपट्टी, तोंडापुढचा माइक वाकडा, हे सगळं मला ठाऊक आहे. पण माझ्यासारखा डूख धरणारा हेडफोन तुम्हाला शोधून सापडायचा नाही. ज्याने माझे हे हाल केले, त्याला मी चांगला धडा शिकवला. तीच हकीकत आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. कुणा बाईच्या चपळ बोटांनी माझ्या वायरी जोडल्या, कानाला लावून पाहिलं आणि "हा छान वाजतोय" म्हणत मला खोक्यात ठेवलं. तेवढं कौतुक घेऊन मी दुकानात आलो आणि तिथून मला दादाने घरी नेलं. दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. घरात आई आणि धाकटी बहीण. सुरुवातीला काय लाड होते माझे! दोघं भावंडं सोफ्यावर डोक्याला डोकं लावून बसायची, माझा एक कान त्याला, एक तिला.

"बघ हं, आता तो दार उघडणार!"

"गप रे, ऐकू दे की!"

मालिका असो की गाणं, दोघांची बडबड चालूच. मी मधल्या मध्ये ताणला जायचो, पण माझी काही तक्रार नव्हती.

पुढे दादाला लिहायची खोड लागली. मालिका बघता बघता मोबाइलवर टाकायचा, 'नायक रडतोय की शिंकतोय?' लोक हसायचे. गाणं ऐकता ऐकता टाकायचा, 'कडवं संपलं, जीव वाचला.' लोक आणखी हसायचे. मग तो कॅमेऱ्यासमोर बसून थेट कार्यक्रमच करायला लागला. लोक गाणी पाठवायचे, हा दोन ओळी ऐकायचा आणि निकाल द्यायचा. मूळचा वाईट नाही हो पोरगा, पण तो हशा त्याच्या डोक्यात गेला. धाकटी सोफ्यावरून उठून दारात उभी राहायला लागली, कारण तिच्या बडबडीने त्याच्या कार्यक्रमात अडथळा यायचा.

माझी तर पार दैना झाली. वायर धरून ओढायचा, खुर्चीच्या चाकाखाली चिरडायचा. एकदा माझा माइक जरा खरखरला, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे डबडं बदलायला झालंय." लगेच टेबलावर नवा चकचकीत माइक आला. मला फक्त ऐकण्यापुरतं ठेवलं. त्या दिवशीच मी ठरवलं, बच्चमजी, तुला बघून घेतो.

धाकटी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. कितीतरी कपडे न्यायला कुणी येतच नाही. अशाच पडून राहिलेल्या एका कोटाविषयी तिने गाणं लिहिलं आणि चालही स्वतःच लावली. एका सुट्टीच्या दिवशी दादा बाहेर गेल्यावर तिने मला उचलून आपल्या मोबाइलला जोडलं, कपाट उघडलं आणि टांगलेल्या लोकरी कपड्यांमध्ये डोकं खुपसलं. जाड कपड्यांत आवाज घुमत नाही, हे तिला दुकानात कळलं होतं. माझ्या त्या वाकड्या माइकमध्ये ती गायली. सुरुवातीला मी खरखरलो खरा, पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं काम होतं.

तिने खोट्या नावाने ते गाणं दादाच्याच कार्यक्रमात पाठवलं. नाव न कळता त्याला आवडलं, तरच उघडपणे गायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बिचारी दारात उभी राहून ऐकत होती. दादाने वेफर्स खात दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "ही बाई गातेय, की बादलीत बसून भांडी घासतेय? पुढचं लावा!"

लोक खो खो हसले. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. तेव्हापासून तिचं गुणगुणणंसुद्धा बंद झालं. आईने विचारलं, "घसा बसलाय का गं?" ती नुसतं "हो" म्हणाली. मला तळपाय नाहीत, पण तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझ्या गेली.

पण मुलगी दिसते तितकी गरीब नव्हती. काही दिवसांनी तिने तेच गाणं पुन्हा पाठवलं. या वेळी वर एक भारदस्त नाव आणि खाली मजकूर: 'बड्या महोत्सवात गाजलेलं. फक्त जाणकारांसाठी.' आणि सोफ्यावर येऊन शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसली.

दादाने मला डोक्यावर चढवलं आणि डोळे मिटले. "मंडळी, ही खरखर! मुद्दाम घातलीय, बरं का. याला म्हणतात कल्पना! आणि आवाज तर... अंगावर काटा आला राव." या वेळी त्याने गाणं दोन ओळींवर थांबवलं नाही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप घ्यायला दादा वळला, वायर ताणली गेली आणि मी मुद्दाम पिन सोडून दिली. माझ्यातला आवाज गेला आणि स्पीकरमधून गाणं खोलीभर घुमलं.

"अगंबाई!" आई धाकटीला म्हणाली, "हा तर तुझा आवाज! कधी गायलीस गं?"

"काहीतरीच काय, आई," दादा हसत म्हणाला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"गायले की," धाकटी म्हणाली. "बादलीत बसून. भांडी घासत."

सगळं थेट चालू होतं. लोकांनी त्याची दोन्ही मतं शेजारीशेजारी लावून त्याची अशी काही फजिती केली की काय सांगू! मला तर उकळ्या फुटत होत्या. त्याने घाईघाईने कॅमेरा बंद केला.

"आधी सांगायचंस ना मला," तो पडेल आवाजात म्हणाला. "खरंच छान गायलीस गं."

"नको. तुझं मत नको मला. मी गाणार, तू हवं तर ऐक. पण चांगलं नाही, वाईट नाही, एक अक्षर बोलायचं नाही."

तर मित्रांनो, आम्हाला जपा. वायर धरून ओढू नका, खुर्चीखाली टाकू नका. आणि कुणाचं गाणं लावलंत, तर ते संपेपर्यंत ऐका. नाही ऐकलंत तर तुमची पिन कधी सुटेल, सांगता येत नाही.

काल संध्याकाळी धाकटीने नवं गाणं म्हटलं. संपल्यावर आई म्हणाली, "वा गं!" मी दादाच्या गळ्यात होतो. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तशी धाकटीने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही. त्याने तोंड मिटून घेतलं. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.