डाव्या हाताचा ठसा

मी एक जुना लाकडी ठसा आहे, आणि तोही अर्धा. मित्रांनो, अर्धा म्हणजे तुटलेला नव्हे. कापडावर फूल छापायला दोन ठसे लागत. पहिला फुलाची बारीक कड उमटवायचा. त्याला कारखान्यात सगळे नुसतं ‘रेघ’ म्हणत. दुसरा त्या कडेच्या आत रंग भरायचा. तो मी, ‘भरण’. रेघ एकटी असली तरी फूल ओळखू येतं. मी एकटा असलो तर सात गोळे आणि दोन लांबट डाग दिसतात, बस्स.

आम्ही दोघं शिसवीच्या एकाच ओंडक्यातून निघालो. कोरणाऱ्या कारागिराने तो ओंडका दोन वर्षं सावलीत वाळवला होता. छपाईचं काम एक भाऊ आणि त्याची मोठी बहीण करत. तो रेघ धरणार होता, ती मला. माझी मूठ कोरायची वेळ आली, तेव्हा भाऊ कारागिराला म्हणाला, “अंगठ्याचा खड्डा दुसऱ्या बाजूला घ्या. ताई डावखुरी आहे.”

“तिच्या एकटीसाठी जग उलटं फिरवायचं का?” कारागीर म्हणाला.

“जग राहू दे. मूठ तेवढी फिरवा.”

कारागीर हसला, पण त्याने मूठ फिरवली. खड्डा घासून इतका गुळगुळीत केला, की ताईचा डावा अंगठा त्यात न पाहता जाऊन बसे.

छपाईचं टेबल लांबलचक होतं, त्यावर घोंगडी अंथरलेली असे. भाऊ पुढे, ताई मागे. त्याचं रंगाचं ताट उजवीकडे, तिचं डावीकडे, त्यामुळे कोपराला कोपर लागत नसे. रेघ फुलाबरोबर कोपऱ्यांत दोन बारीक ठिपके उमटवून पुढे जाई. ताई माझ्या खाचा त्या ठिपक्यांवर टेकवी आणि उजव्या मुठीने माझ्या पाठीवर एक ठोका देई. उचलून पाहावं, तर रंग कडेच्या आत. भाऊ चिडवायचा, “ताई, हे काम म्हणजे तुझ्या डाव्या हाताचा मळ.” ती म्हणायची, “तू पुढे बघ. तुझी रेघ वाकडी गेली, तर माझा रंग काय करणार?”

अशी एकोणीस वर्षं गेली. रोज काम संपलं की ताई आम्हाला धुवी, पुसून तेलाचा हात फिरवी आणि तोंडाला तोंड लावून एकाच फडक्यात गुंडाळून ठेवी.

मग एका थंडीत ताई आजारी पडली आणि टेबलापाशी परत आली नाही.

भावाने मला उजव्या हातात धरून पाहिलं. खड्डा त्याच्या बोटांखाली भलत्याच जागी येई. दर वेळी मी सुताभर सरके आणि रंग कडेबाहेर पडे. डाव्या हाताने धरलं, तर माझ्या खाचा ठिपक्यांवर टेकतच नसत. त्याने दुसरं भरण करून घेतलं नाही. उरलेले महिने तो नुसती रेघ छापत राहिला. टेबलभर फुलं, आणि सगळी आतून रिकामी. कारखाना बंद झाला, तेव्हा रेघ तो बरोबर घेऊन गेला. मी खिडकीत राहिलो. मी त्याला दोष देत नाही. जी वस्तू हातात बसत नाही, ती माणूस कशी नेणार?

त्यानंतर मी दाराला अडण म्हणून होतो, मग एका कपाटाच्या आखूड पायाखाली. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दर उन्हाळ्यात माझी एक चीर केसभर वाढे. मोजायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तीच मोजत असे.

शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात मी एका चित्रकार मुलीच्या हाती लागलो. ती पडद्यांची आणि उशांच्या अभ्र्यांची नक्षी काढायची. तिने माझ्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “नदीतले खडे आहेत जणू.” घरी नेऊन तिने मला रंग लावला, कागदावर दाबलं. मी सरकलो. तिला ते सरकणंही आवडलं. त्यावरून तिने केलेली ‘खडे’ नावाची नक्षी पुष्कळ घरांत गेली. लोक येत, माझ्या तोंडाचे फोटो काढत. मित्रांनो, एवढं कौतुक मी कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढा एकटाही कधी नव्हतो. मी खडे नव्हतो. फूल होतो, पण ते सांगणार कोण?

मग तिने मला चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं ठरवलं. सुतार आला, त्याने मला उलटसुलट करून पाहिलं. “ही मूठ मध्ये येते. उडवू?”

“उडवा,” ती म्हणाली.

त्याने मुठीच्या मुळाशी पेन्सिलीने एक रेघ मारली आणि करवत आणायला गेला. तेवढ्यात तिची मावशी आली. खुर्चीत बसता बसता तिने मला सहज उचललं. डाव्या हाताने.

“हे काय गं? गोगलगाईंची जत्रा?”

“मावशी, ठेव ते. सुतार येतोय, मूठ कापायचीय.”

मावशीने मला खाली ठेवलं नाही. तिचा अंगठा खड्ड्यात जाऊन बसला होता.

“तुझ्या हातात हा नीट बसतो का?” तिने विचारलं.

“कुठे बसतो. सारखा सरकतो. झिजून खड्डा पडलाय ना त्याला.”

“झिजून? एवढा गुळगुळीत, नेमका अंगठ्याएवढा?” मावशीने मूठ तिच्यापुढे धरली. “हा कोरलाय. कुणा डावखुऱ्या माणसासाठी. आणि या खाचा बघ. याला जोडीदार असणार.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “शाळेत माझ्या डाव्या हातावर पट्ट्या बसायच्या. आणि इथे कुणीतरी लाकूड वळवलं.”

मावशीने मला रंगात टेकवलं, कागदावर ठेवलं, उजव्या मुठीने एक ठोका दिला. मी सरकलो नाही.

करवत परत गेली. त्या मुलीने माझ्या सात गोळ्यांभोवती पेन्सिलीने कड काढून पाहिली, खोडली, पुन्हा काढली आणि मग कागद कोराच सोडला. मूळची कड तिला ठाऊक नव्हती. पुढे तिने मावशीसाठी डाव्या हाताने ओतता येईल अशा चोचीची पळी केली. ती घडण माझ्या तोंडावरून नाही, माझ्या पाठीवरून सुचलेली आहे.

मावशी तिच्या गावी गेली. मी आता फळीवर असतो, मूठ वर करून. तेल मिळतं, ऊन लागत नाही, चीर वाढायची थांबली आहे. तरी रोज सकाळी मला वाटतं, पुढे कुणीतरी दोन ठिपके ठेवून गेलं असेल.

मित्रांनो, जुनी वस्तू आवडली तर जरूर घरी न्या, तिच्यावरून नवं काही करा. पण आधी तिला उलटी करा. ती कुणाच्या हातात बसत होती, ते पाहा. आणि जोडीची असेल, तर जोडी फोडू नका.

सुताराची पेन्सिलीची रेघ माझ्या मुठीवर अजून आहे. मुलगी ती पुसायला निघाली होती, मग राहून गेलं. बरं झालं. इतकी वर्षं मी रेघेची वाट पाहिली, आणि जवळ आहे ती एवढी एकच.