आर्डल नौकेची वाहवा

मी एक जुनी, गंजलेली युद्धनौका आहे, मित्रांनो. नाव आर्डल. उद्या भंगारवाले मला तोडायला येणार, म्हणून आज बोलून घेते.

माझा जन्म क्लाइड नदीच्या काठी झाला. दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात होती, त्यामुळे मला घाईघाईत ठोकून-जोडून पाण्यात ढकललं. काम एकच, अमेरिकेहून धान्य आणणाऱ्या जहाजांची राखण. त्यांच्या मागोमाग राहायचं आणि पाण्याखाली पाणबुडी आहे का, याचा कानोसा घ्यायचा. मी पाण्यात आवाज सोडायचे, तो कशावर तरी आपटून परत यायचा. तो ऐकायला फर्गस रेनी बसे. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅलन ताफ्यातल्या शेवटच्या, गव्हाच्या जहाजावर होता. सकाळी दोघं लांबूनच एकमेकांना टोप्या हलवून दाखवत.

आयर्लंडचा किनारा जवळ आला आणि एक प्रतिध्वनी ऐकू आला. कप्तान थॉर्बर्न यांनी मला ताफ्यापासून वळवलं, पाण्यात खोल जाऊन फुटणारे बॉम्ब टाकले. प्रतिध्वनी जागचा हलेना. त्या उथळ समुद्रात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे पदोपदी पडले होते.

"साहेब, हा सांगाडाच वाटतोय. मागे फिरू या. ताफा उघडा पडलाय," फर्गस म्हणाला.

"पाणबुडीसुद्धा तळाशी दडून बसते, रेनी. भावाची काळजी पुरे झाली. कान दे इकडे."

दुपारभर आम्ही समुद्र घुसळला. शेवटी तेल वर आलं, फळ्या आल्या, आणि पाणबुडी फुटली म्हणून सगळे नाचू लागले. फळ्यांची किड्यांनी केव्हाच चाळण केली होती, पण ते बघतो कोण? तेवढ्यात ताफ्याच्या दिशेला क्षितिजावर धूर दिसला. आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावर गव्हाच्या जहाजाची एक रिकामी होडी तेवढी होती.

बंदरात आमच्यासाठी वाजंत्री वाजली. शिकारीची खूण म्हणून माझ्या धुराड्यावर पांढरी पाणबुडी रंगवली गेली. गर्दीत रेनीची आईही होती. अ‍ॅलन गेला त्याच दिवशी आम्ही शत्रूची पाणबुडी बुडवली, असं सांगून कप्तानांनी तिचं सांत्वन केलं.

"मग माझ्या अ‍ॅलनला कुणी बुडवलं?" तिने विचारलं.

"दुसरी असेल, बाई."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

कप्तान टोपी नीट करत राहिले. फर्गस मान खाली घालून उभा होता. मला फार लाज वाटली.

पुढे लढाई संपली. शाळेतली मुलं यायची, त्या चित्रापाशी टाळ्या वाजवायची. मग तीही येईनाशी झाली. मला जपा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. खुशाल तोडा. फक्त एखाद्या राखणदाराची वाहवा चालली असेल, तर ज्यांची राखण करायची होती ते कुठे आहेत, एवढं विचारत जा.